होडीचं लाकूड गाऊ लागलं तेव्हा

हवाई बेटांवर होडी कोरायची म्हटली की लाकडाची पारख एक पाखरू करायचं. डोंगरात चढून कोआचं झाड पाडलं की होडीकामाचा जाणता (त्याला तिथे ‘कहुना’ म्हणत) हत्यार बाजूला ठेवायचा आणि वाट पाहत बसायचा. मग एलेपायो नावाचा चिमुकला पक्षी आडव्या पडलेल्या खोडावर उतरायचा. तो न थांबता खोडावरून चालत गेला, तर लाकूड निरोगी. जागोजाग थबकून चोच मारू लागला, तर आत किडे आहेत, लाकूड पोखरलेलं आहे. मग खोड कितीही सरळ आणि रुंद असो, ते तिथेच सोडून द्यायचं. होडीकाम करणाऱ्यांची देवी लेआ हीच एलेपायोच्या रूपात येते, अशी श्रद्धा होती. ज्या लाकडावर माणसं समुद्रात जीव सोपवणार, ते लाकूड निवडायला देवीच यायला हवी, असं त्या लोकांना वाटलं यात नवल नाही.

हवाईयन भाषेत ‘कोआ’ म्हणजे शूर, लढवय्या. हे झाड मूळचं फक्त याच बेटांवरचं. पण त्याचा गोतावळा आपल्या ओळखीचा आहे, कारण कोआ अकेशिया कुळातला, म्हणजे बाभळीचा नातलग. कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ पाहिलेल्या माणसाला कोआची कोयत्यासारखी बाकदार पानं लगेच ओळखू येतील. ती खरी पानं नव्हेत, पसरट झालेले देठ आहेत. कोवळ्या रोपाला मात्र बाभळीसारखीच बारीक पानांची नक्षी असते. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर कोआचा एक सख्खा भाऊ आहे. जनुकांच्या अभ्यासातून असं दिसलं, की तो वंश हवाईतूनच तिकडे पोहोचला. एवढा समुद्र ओलांडून बी कसं गेलं असेल, या विचारानेच थक्क व्हायला होतं.

होड्या, वल्ही, लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या असं सगळं कोआचं. १८८२ मध्ये राजा कालाकौआने होनोलुलूत इओलानी राजवाडा पुरा केला, तेव्हा दिवाणखान्यातला मोठा जिनाही कोआचाच घडवला. पण कोआचं नाव जगभर झालं ते एका वाद्यामुळे. ते करणारी माणसं बाहेरून आली.

२३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज होनोलुलूला लागलं. अटलांटिक महासागरातल्या मदेरा या पोर्तुगीज बेटावरून चारेक महिन्यांचा प्रवास करून चारशेच्या वर माणसं उसाच्या मळ्यांवर मजुरीला आली होती. त्यांत मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जुझे दो इस्पिरितो सांतो हे तिघं लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. उतरल्यावर दोनच आठवड्यांत होनोलुलूच्या वर्तमानपत्राने बातमी दिली, की मदेराची ही मंडळी रोज रात्री रस्त्यावर वाद्यं वाजवून लोकांना रिझवतात.

त्यांच्याजवळ दोन वाद्यं होती. चार तारांचं, कुशीत मावणारं माशेत आणि पाच तारांचं, जरा मोठं रजांव. मळ्यावरची मुदत संपवून तिघंही होनोलुलूला आले आणि १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची दुकानं थाटली गेली. तिथे या दोन वाद्यांचं मिळून एक तिसरंच वाद्य झालं, उकुलेले: अंगकाठी माशेतची, तारा लावण्याची रीत रजांवची. चार सुटे सूर जी, सी, ई, ए. त्यातही जी वरच्या सप्तकातला, त्यामुळे वाजवणाऱ्याच्या डोळ्यांना जी तार सर्वांत वर दिसते, ती कानाला सर्वांत खालची लागत नाही. उकुलेलेचा तो खळाळता, उड्या मारणारा नाद बराचसा या एका गोष्टीतून येतो. बोटंही फार ताणावी लागत नाहीत. एक-दोन बोटं ठेवली की स्वरमेळ तयार.

आणखी एक बदल त्यांनी केला, आणि या सगळ्या इतिहासातला तोच खरा कळीचा मुद्दा आहे. मदेरात वाद्याची तबली मऊ, फिकट सूचिपर्णी लाकडाची असे. इथे त्यांनी तबली, पाठ, कडा असं सगळं कोआचं केलं. जे लाकूड हाताशी होतं ते वापरलं, असं म्हणून हे उडवून लावता येईल. पण होनोलुलूच्या माणसाने ते वाद्य हातात घेतलं, तेव्हा त्याला त्यात आजोबांच्या होडीचा रंग दिसला. परक्या वाद्याला घरात घेताना ही ओळख मोठं काम करून गेली असणार.

राजाने तर ते दरबारात घेतलं. कालाकौआ स्वतः गीतं रचणारा, संगीताचा वेडा. १८८१ मध्ये जगप्रवासाला निघालेला हा राजा कलकत्ता आणि मुंबईलाही येऊन गेला होता. मिशनऱ्यांच्या दडपणाखाली चव्हाट्यावरून हद्दपार झालेलं हुला नृत्य त्याने पुन्हा उघडपणे उभं केलं. १८८६ मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात हुलाच्या साथीला उकुलेले होता. दियास कारागिराशी राजाचा स्नेह होता. पुढे १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीचं राज्य उलथवलं गेलं, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं आपल्यात सामील केली. ‘उकु’ म्हणजे पिसू आणि ‘लेले’ म्हणजे उडी, म्हणून ‘उडणारी पिसू’, असा नावाचा अर्थ सर्रास सांगतात. राणी मात्र वेगळा अर्थ सांगे: आपल्याकडे आलेली भेट. राज्य गमावलेल्या राणीच्या तोंडून आलेला हा अर्थ जास्त जवळचा वाटतो.

मग बाजार आला. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईच्या दालनात उकुलेले वाजला आणि अमेरिका त्याच्या मागे लागली. पेन्सिल्व्हेनियातल्या मार्टिनसारख्या गिटार बनवणाऱ्या जुन्या घराण्यानेही १९१६ पासून उकुलेले विक्रीला काढले. त्यांनी आपली कारागिरी आपल्याच नावाने विकली, पण इतर अनेक कारखाने भलत्याच लाकडाच्या मालावर बेधडक ‘हवाईत बनलेले’ असा शिक्का मारत. होनोलुलूच्या कारागिरांनी उत्तरादाखल स्वतःचा ‘टाबू’ हा छाप आणला. खरं-खोटं ओळखण्याची गरज तेव्हापासूनची आहे.

याच १९१६ मध्ये नुनेसच्या हाताखाली शिकलेल्या सॅम्युएल कामाका यांनी घराच्या तळघरात काम सुरू केलं. कमरेची खाच काढून टाकलेला, अननसासारखा गोलसर उकुलेले त्यांचाच. १९२८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. १९५३ मध्ये ते वारल्यावर मुलांनी धंदा हाती घेतला. त्या पिढीत दुकानात बरेच मूकबधिर कारागीर कामाला होते. तबली किती जाड ठेवायची हे ते बोटांनी जोखत. फळीवर टिचकी मारायची आणि तिची थरथर हाताने वाचायची. कानाने न ऐकलेला सूर बोटांना कळत होता. पारखीची याहून सुंदर हकीगत या धंद्यात दुसरी नाही.

आजच्या गिऱ्हाइकालाही तीच वाट धरावी लागते. अस्सल कोआचा उकुलेले हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते त्याचं हलकेपण. तबली दोनेक मिलिमीटरची, आतल्या आधाराच्या पट्ट्याही सडपातळ. वजनदार उकुलेलेत लाकूड जास्त आणि आवाज कमी. मग नादछिद्राची कड निरखावी. वरच्या फळीची रेघ कडेवरून तशीच आत उतरत असेल, तर फळी एकसंध. थरावर थर दिसले, तर वर कोआचा पातळ पापुद्रा आणि खाली प्लायवूड. नुसतं ‘अकेशिया’ लिहिलेलं असेल, तर ते कोआचं चुलत भावंड असतं. वाईट नव्हे, पण कोआही नव्हे.

कोआचा रंग मधासारख्या सोनेरीपासून तांबूस तपकिरीपर्यंत जातो. काही फळ्यांत रेषा आडव्या लहरत जातात आणि वाद्य उजेडात जरासं फिरवलं की पाण्यावर वारा हलावा तशी झळाळी सरकते. किंमत चढते ती या लहरींमुळे. डोळे निवतात हे खरं, पण सरळ रेषेचा साधा कोआ आवाजात तिळभरही उणा नसतो, आणि मनासारखा सूर हवा असलेल्याने लहरींसाठी खिसा रिकामा करू नये. त्यापेक्षा बारावा पडदा तपासावा: तिथे दाबलेल्या तारेतून सुट्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात चोख यायला हवा. तिथे बेसूर असलेलं वाद्य कितीही देखणं असलं तरी खाली ठेवावं. तारेची लांबी सोप्रानोत सुमारे १३ इंच, कॉन्सर्टमध्ये १५, टेनरमध्ये १७. जुना खळाळ ऐकायचा तर सोप्रानोच.

१९९७ मध्ये गायक इस्रायल कामाकाविवोओले वारले. ते मोठ्या देहाचे होते, आणि इवलासा उकुलेले छातीशी धरून गायचे. होनोलुलूच्या राज्य विधानभवनात त्यांचं पार्थिव दर्शनासाठी ठेवलं होतं, ते कोआच्या शवपेटीत.

एवढं जीव लावलेलं झाड मधल्या काळात मात्र विरळ होत गेलं. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरने राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली आणि ती वाढावीत म्हणून राजाने त्यांना मारायला बंदी घातली. गुरं रानोमाळ पसरली. कोआची कोवळी रोपं त्यांचा आवडता चारा ठरली, जुनी झाडं पडत गेली आणि त्यांच्या जागी नवी उभी राहिनात. उरलेल्या रानांचीही कुरणं झाली. आज वाद्याजोगं लाकूड मिळतं ते बरंचसं कुरणांवरच्या वठलेल्या किंवा कोसळलेल्या जुन्या झाडांतून, आणि म्हणून ते इतकं महाग आहे.

पण कोआचं बी चिवट. जमिनीत ते वर्षानुवर्षं जिवंत राहतं. गुरांना कुंपण घातलं, माती जरा हलली, की कोंब वर येतात. हवाई बेटावर मौना केआच्या पूर्व उतारावर १९८५ मध्ये हाकालाऊ अभयारण्य झालं. तिथल्या जुन्या कुरणांवर माणसांनी लाखो रोपं लावली, त्यांत मोठा वाटा कोआचा. ही झाडं वाद्यांसाठी नाहीत, पक्ष्यांसाठी आहेत. दाट धुक्यात तिथल्या तरण्या खोडांवर एलेपायो उतरतो, चार पावलं चालतो, थबकतो, सालीत चोच घालतो आणि किडा उचलून पुढच्या फांदीवर जातो.