‘करमणूक’चे संपादक आणि कादंबरीकार हरिभाऊ

हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांच्या कादंबऱ्यांवर मराठी समीक्षेने पाल्हाळाचा आरोप वारंवार ठेवला आहे. तो ग्रंथरूप संहिता समोर ठेवून केलेला आहे. पहिल्या वाचकांच्या हाती मात्र ही संहिता आठवड्याच्या हप्त्यांनी पडत होती. वाङ्मयेतिहासाने या वस्तुस्थितीची नोंद घेतली, पण तिचा विचार क्वचितच केला.

‘मधली स्थिति’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मधून येऊ लागली. रेनॉल्ड्सचे ऋण तिच्यावर उघड आहे. त्याच वर्षी नॉर्वेतील आमाली स्क्राम यांची ‘कॉन्स्टान्से रिंग’ प्रसिद्ध झाली. विवाहसंस्थेची तीतली चिकित्सा प्रकाशकाला पेलली नाही, आणि लेखिकेला ती स्वखर्चाने छापावी लागली. हरिभाऊंवर ही वेळ आली नाही, याचे कारण १८९० मध्ये निघालेले ‘करमणूक’. कादंबरीकार आणि संपादक येथे एकच होते. परंतु घरात सर्वांनी वाचावयाचे हे साप्ताहिक. तेव्हा प्रकाशकाची जागा आता कुटुंबाने घेतली, असे म्हणता येईल.

‘पण लक्षात कोण घेतो!’ (१८९०-९३) हिची निवेदनपद्धती या संदर्भात पाहावी. त्याच काळात रमाबाईंचे शारदा सदन पुण्यास आले आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. वृत्तपत्रांतून स्त्री हा वादाचा विषय झाला होता. हरिभाऊंनी तिला निवेदिका केले. यमूचे बालपण, माहेर, मुंबईतील थोडके सुख यांचा विस्तार कथानकाच्या दृष्टीने अनावश्यक ठरवणे सोपे आहे. पण आठवड्यामागून आठवडे जिच्याशी घरोबा झाला, तिचेच केशवपन होते. हा आघात संक्षेपाने साधला नसता. पाल्हाळ हा येथे युक्तिवाद आहे.

ऐतिहासिक कादंबऱ्यांत (‘उषःकाल’ धरून) विस्ताराला असे प्रयोजन क्वचितच आढळते. तेथे तो रहस्य लांबवण्यापुरता उरतो.

हरिभाऊंची उपजीविका मात्र आनंदाश्रमाच्या व्यवस्थापनाची. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापिलेल्या या संस्थेने संस्कृत ग्रंथ मुद्रित केले. १९०५ चा ‘स्मृतीनां समुच्चयः’ त्यांतलाच. केशवपनाचे समर्थक ज्या वाङ्मयाकडे बोट दाखवीत, त्याच्या छपाईची देखरेख यमूचा लेखक करीत होता. याला दुटप्पीपणा म्हणणे उथळपणाचे होईल. ग्रंथ जतन करणे आणि त्यांची सत्ता मानणे या दोन गोष्टी त्यांनी निराळ्या ठेवल्या. सनातन्यांना आणि कित्येक सुधारकांनाही हे जमले नाही.

पुढे नगरपालिकेचे अध्यक्षपद आले, १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आले. ‘गणपतराव’ पूर्वीच अपुरी राहिली होती. ‘आजच’ आणि ‘कर्मयोग’ यांचेही तेच झाले. प्रतिभा ओसरल्याचा निष्कर्ष यावरून काढला जातो. तथापि शेवट ठरण्यापूर्वीच आरंभ छापून टाकण्याच्या प्रथेत अपूर्णता मुळातच संभवते. ‘आजच’मधील सुधारक पिढीचा प्रश्न तर १८९७ नंतरच्या पुण्यात कोणालाच सुटला नव्हता.