वॉरम पर्सीत वाकून शिरा

डोकं सांभाळा, दार बुटकं आहे! आलात आत? मग जरा डोळे चोळून घ्या. घराच्या मधोमध जमिनीवरच विस्तव पेटलाय; धुराडं नाही, गवती छपरातून धूर जाईल तेव्हा जाईल. मानेवर ऊन ऊन श्वास लागतोय तो गाईचा. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, वर छप्पर एकच. शेण, ओली लोकर, घाम, रटरटणारे वाटाणे... कुठला वास कशाचा, हे शोधायच्या भानगडीत पडू नका.

हे इंग्लंडमधल्या यॉर्कशरचं वॉरम पर्सी. साल कशाला हवं? सातेकशे वर्षं मागे आलात एवढं पुरे.

पण घरात शिरताना पाय पुसलेत ना? घरधनीण केरसुणी घेऊन उभी आहे. गरिबाचं घर म्हणजे उकिरडा, असं समजून आला असाल तर तिच्या तोंडी लागू नका. झाडून झाडून इथल्या जमिनींना मधोमध खळगे पडलेत. उत्खनन करणाऱ्यांना सापडले ते हेच खळगे.

घंटा वाजली, चला! चर्चच्या वाटेवर खडूच्या दगडाचा पांढरट चिखल आहे. आजूबाजूच्या वाड्यांवरूनही माणसं आली आहेत, कारण त्यांचं चर्च हेच आणि दफनभूमीही हीच. रेटारेटी, खोकला, पोरांचं रडणं. खाली ओढ्यावर बांध घालून पाणी अडवलंय, त्यावर गिरणी.

रात्री मात्र एकटे भटकू नका. इथे काही मेलेल्यांची हाडं सुरीने कापून जाळलेली सापडली आहेत, किमान 10 जणांची. मेलेला माणूस उठून गावात फिरू नये म्हणून हे केलं असावं, असं अभ्यासकांना वाटतं. वेताळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या तुम्हा-आम्हाला हे पटकन कळेल.

पुढे मेंढ्यांना माणसांपेक्षा जास्त भाव आला आणि उरलीसुरली घरंही उठवली गेली. इतिहासकार मॉरिस बेरसफर्ड आणि पुढे त्यांना येऊन मिळालेले पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने 1950 पासून 40 वर्षं दर उन्हाळ्यात इथे खोदकाम झालं. आता बिनछपराचं चर्च आणि गवताखाली घरांचे उंचवटे उरलेत. जागा संरक्षित आहे, पण गाडी दारापर्यंत जात नाही. उतार निसरडा असतो, तेव्हा बूट चांगले घाला.