अडीचशेचे पन्नास कसे झाले

एप्रिल 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट लिहायला घेतले, तेव्हा फाइलची प्रत्येक आवृत्ती दाबून वेगळी साठवली जाई. लिनक्स कर्नलच्या व्यापात अशा फाइलींचा ढीग होऊ लागला आणि जूनमध्येच पॅकफाइल आली. असंख्य आवृत्त्या एकाच फाइलीत बांधायच्या. सारख्या दिसणाऱ्यांपैकी एक पूर्ण ठेवायची, बाकीच्यांचा नुसता फरक, म्हणजे डेल्टा.

सारख्या आवृत्त्या सापडाव्यात म्हणून त्या प्रकार, नाव आणि आकार पाहून रांगेत लावतात आणि प्रत्येक आवृत्ती रांगेतल्या आधीच्या दहांशी ताडून पाहतात. ही विंडो. डेल्टावर डेल्टा किती चढू द्यायचे, ती डेप्थ. दोन्ही वाढवल्या की सहसा पॅक लहान होतो, पण विंडोचा भार पॅक बांधताना पडतो आणि संपतो. डेप्थचा भार मात्र पुढे वाचणाऱ्यावर पडत राहतो, कारण साखळीच्या टोकाची आवृत्ती हवी असेल तर आधीचे दुवे उलगडावेच लागतात.

डिसेंबर 2007 मध्ये जीसीसी कंपायलरचा अवाढव्य इतिहास गिटमध्ये आणला, तर पॅक अवास्तव मोठा झाला. टोरवाल्ड्स यांनी विंडो आणि डेप्थ दोन्ही 250 करून बघायला सांगितले आणि पॅक कित्येक पटींनी आटला. लगेच योहानेस शिंडेलिन यांनी ‘गिट जीसी’ या साफसफाईच्या आज्ञेच्या अ‍ॅग्रेसिव्ह पर्यायात तेच आकडे कायम केले. त्या बदलाच्या टिपणात सूचना कोणाची ते आहे, मोजमाप नाही. एका अडचणीवरचा उतारा असा सगळ्यांचा नियम झाला.

मोजायची शिस्त 2012 मध्ये आली. थॉमस रास्ट यांनी गिटच्या सोर्समध्येच कामगिरीच्या चाचण्यांचा सांगाडा घातला. तेच काम गिटच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर, एरवी तीनदा चालवायचे आणि सर्वांत कमी वेळ धरायचा. सरासरी न घेण्याचा हा निर्णय मला फार पटतो. संगणकावरची इतर कामे चाचणीला उशीरच करतात, वेग देत नाहीत.

2016 मध्ये जेफ किंग यांनी वेगवेगळ्या डेप्थचे पॅक बांधून आकार आणि वाचनाचा वेळ शेजारी मांडले. पन्नासच्या पुढे जागा जेमतेम वाचत होती, इतिहास चाळणे मात्र रेंगाळत होते. गिट 2.11 मध्ये डेप्थ 50 झाली. विंडो 250 च राहिली, आणि ते योग्यच होते.

रांगेचा प्रश्न अजून उरला होता. नावाची शेवटची सोळा अक्षरेच निर्णायक ठरत, त्यामुळे मोठ्या रिपॉझिटरीत वेगवेगळ्या फोल्डरांतल्या ‘चेंजलॉग’ फाइली उगाच शेजारी येत. 2025 मध्ये डेरिक स्टोली यांनी गिट 2.49 साठी क्रम ठरवायची नवी रीत दिली. तिच्यासोबत आलेली ‘पी5313’ ही चाचणी वेळेबरोबर पॅकचा आकारही नोंदवते.