७ मे १९८५ : चाळीस वर्षे दडलेला पुरावा

अमेरिकेतील पीबीएस वाहिनीने आजच्या दिवशी ‘फ्रंटलाइन’ मालिकेत ‘मेमरी ऑफ द कॅम्प्स’ हा माहितीपट दाखवला. चित्रीकरण मात्र १९४५चे. त्या वर्षी १५ एप्रिलला ब्रिटिश फौजा जर्मनीतील बर्गन-बेल्सन छळछावणीत शिरल्या, तेव्हा दहा हजारांहून अधिक प्रेते उघड्यावर पडली होती. लष्कराच्या कॅमेरामननी ते सारे टिपले. निर्माते सिडनी बर्नस्टाइन यांनी सल्ल्यासाठी आल्फ्रेड हिचकॉकला बोलावले. त्याचा आग्रह एकच : शक्यतो कात्री लावू नका, दृश्ये लांब आणि सलग ठेवा; उद्या कुणी हे बनावट म्हणायला नको. म्हणून खड्ड्यातल्या प्रेतांवरून कॅमेरा सरकत काठावर उभ्या केलेल्या जर्मन अधिकाऱ्यांपर्यंत जातो. छावण्या वस्तीच्या किती जवळ होत्या, हे नकाशांवर दाखवण्याची सूचनाही हिचकॉकचीच.

पण युद्ध संपले, ब्रिटनला पराभूत जर्मनांचे सहकार्य हवेसे झाले आणि काम अर्ध्यावर थांबले. मेलेल्यांची साक्ष अशी राजकीय सोयीसाठी बाजूला ठेवणे अक्षम्यच होते. पाच रिळे लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये पडून राहिली. आउश्वित्झ व मायदानेक या मृत्युछावण्यांचे सोव्हिएत चित्रण असलेले सहावे रीळ हाती नव्हतेच. दूरचित्रवाणीवर अपुरा चित्रपटच दाखवला गेला. निवेदन ट्रेव्हर हॉवर्ड यांचे. मूळ टिपणांच्या आधारे म्युझियमने तो पूर्ण केला, २०१४ मध्ये.