निनावी अपलोड सर्व्हरवरील डिरेक्टरी-परवानग्या

ओळख न देता कोणालाही फाइल पाठवू देणाऱ्या सर्व्हरवर, त्या फायली जिथे साठतात त्या डिरेक्टरीत कोणाला काय करता येईल हे ठरवणारी व्यवस्था. अशी डिरेक्टरी देवळातल्या दानपेटीसारखी असावी लागते : टाकता कोणालाही यावे, पण आत पाहण्याचा आणि काढण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाला असावा.

पार्श्वभूमी : फायलींच्या देवाणघेवाणीसाठी असलेल्या एफटीपी या पद्धतीचे आरएफसी ९५९ हे मानक ऑक्टोबर १९८५ मध्ये निघाले. ‘अ‍ॅनॉनिमस’ या नावाने आत शिरून पासवर्डच्या जागी ई-मेल पत्ता देण्याचा प्रघात पुढे रूढ झाला. मे १९९४ च्या आरएफसी १६३५ मध्ये त्याचे वर्णन आहे. बाहेरून येणाऱ्या फायलींच्या डिरेक्टरीला बहुधा ‘इनकमिंग’ म्हणत. जिथे कोणीही लिहू आणि वाचू शकत असे, अशा डिरेक्टऱ्या चोरट्या सॉफ्टवेअरचे अड्डे बनल्या. टिंबाने किंवा रिकाम्या जागेने सुरू होणाऱ्या नावांच्या उपडिरेक्टऱ्या करून त्यांत माल दडवला जाई. कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट या संगणक-सुरक्षा केंद्राने १९९३ मध्ये याविषयी इशारा दिला होता.

परवानग्यांचा अर्थ : युनिक्स व लिनक्समध्ये मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणे (४), लिहिणे (२) व चालवणे (१) या परवानग्या असतात. डिरेक्टरीच्या बाबतीत त्यांचे अर्थ बदलतात. वाचण्याची परवानगी म्हणजे आतील नावांची यादी पाहणे. लिहिण्याची परवानगी म्हणजे नोंद घालणे, पुसणे किंवा तिचे नाव बदलणे. चालवण्याची परवानगी म्हणजे आत शिरणे व नाव ठाऊक असलेल्या फाइलपर्यंत पोचणे. नुसती लिहिण्याची परवानगी निरुपयोगी ठरते, कारण आत शिरल्याशिवाय नोंद घालता येत नाही.

प्रचलित रचना : ‘इनकमिंग’ची मालकी रूट या व्यवस्थापकाच्या खात्याकडे ठेवून परवानगी १७३३ अशी देतात. मालकाला तिन्ही अधिकार (७), गटाला व इतरांना लिहिणे आणि शिरणे (३). पहिला १ म्हणजे ‘स्टिकी बिट’. त्यामुळे एका खात्याची फाइल दुसऱ्या खात्याला पुसता येत नाही. समजा, सोलापुरातील एखाद्या टॉवेल कारखान्याने बाहेरगावच्या ग्राहकांकडून जेकार्ड मागासाठी डिझाइनच्या फायली मागवायला असा सर्व्हर ठेवला. ७७७ ही सरसकट परवानगी दिल्यास एका ग्राहकाची बाजारात न आलेली नक्षी दुसऱ्याला दिसेल, उतरवून घेता येईल आणि पुसताही येईल. १७३३ मुळे यादी दिसणे बंद होते.

मर्यादा : परवानग्या माणूस ओळखत नाहीत, खाते ओळखतात. निनावी येणारे सर्वजण सर्व्हरच्या दृष्टीने एकच खाते असल्याने प्रत्येक जण प्रत्येक फाइलचा मालक ठरतो. त्यामुळे स्टिकी बिट लावूनही एका पाहुण्याला दुसऱ्याची फाइल पुसता येते आणि नाव ठाऊक असल्यास वाचताही येते. यावर उपाय म्हणजे फाइल येताच तिची मालकी दुसऱ्या खात्याकडे वळवून परवानगी ६०० करणे. व्हीएसएफटीपीडी या सर्व्हर-प्रणालीत मालकी वळवण्याची सोय आहे, तसेच निनावी खात्याला पुसणे, नाव बदलणे व नवी डिरेक्टरी करणे यांची मनाई मुळातच असते. प्रोएफटीपीडीमध्ये त्या डिरेक्टरीपुरते वाचन बंद करून फक्त साठवण चालू ठेवता येते.

पूरक उपाय : निनावी खात्याची मूळ डिरेक्टरी लिहिण्याजोगी नसावी. ‘इनकमिंग’साठी डिस्कवर वेगळे विभाजन ठेवावे, म्हणजे जागा भरली तरी बाकी यंत्रणा बंद पडत नाही. त्या विभाजनावरील प्रोग्रॅम चालवण्यासही मज्जाव करावा. आलेल्या फायली विषाणू-तपासणीनंतर लगेच अन्यत्र हलवाव्यात. उपडिरेक्टरीला अवघड नाव देऊन वरच्या डिरेक्टरीला ७११ परवानगी देण्याची युक्तीही वापरतात. पण नाव फुटले की तिचा उपयोग संपतो.

भारतातील नियम : २००४ पासून कार्यरत असलेल्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि नोंदवह्या १८० दिवस जपणे कंपन्यांना बंधनकारक आहे. निनावी सर्व्हरवर पाठवणाऱ्याचे नाव नसल्याने आयपी पत्ता, वेळ आणि फाइलचे नाव यांची नोंद हाच तपासाचा आधार उरतो.

सद्यःस्थिती : फायरफॉक्सने जुलै २०२१ मध्ये आणि क्रोमने ऑक्टोबर २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून घेतला. निनावी अपलोड आता मुख्यतः संकेतस्थळावरील फॉर्ममधून होते. तिथे आलेली फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक डिरेक्टरीबाहेर साठवावी लागते. अन्यथा पीएचपीसारखी स्क्रिप्ट पाठवून ती सर्व्हरवरच चालवली जाण्याचा धोका असतो.