तांदळाची पेटी

कोरियातील जोसन राजवंशाच्या योंगजो राजाने १७६२ च्या ऐन उन्हाळ्यात युवराज सादो यास तांदळाच्या पेटीत कोंडविले, ही कथा २०१५ च्या ‘सादो’ चित्रपटाने पुन्हा पडद्यावर आणली. परंतु पित्याच्या क्रौर्याहून विलक्षण वाटते ती मातेची कृती, कारण पुत्राच्या हातून घडणाऱ्या हत्यांनी हवालदिल होऊन, नातवाचा वारसाहक्क तरी सलामत राहावा म्हणून, त्याच्याविरुद्ध राजापुढे फिर्याद नेणारी योंगबिन ही त्याची जन्मदात्रीच होती. आठव्या दिवशी तो मेला. त्याची विधवा ह्येग्योंग हिने साठीनंतर हे सारे लिहून ठेविले (दरबारी दप्तराहून मला तीच साक्ष अधिक जिवंत वाटते), आणि १७७६ मध्ये तख्तनशीन झालेल्या पुत्र जोंगजोने पित्याची कबर सुवोनजवळ हलवून तेथे ह्वासोंगचा किल्ला उभारला.