बसवनगुडीचा नंदी आणि व्हिडिओतील मॅन्युअल एक्स्पोजर

बंगळुरूच्या बसवनगुडीला ज्या देवळावरून नाव मिळाले, त्या दोड्ड बसवण्णाच्या दारात तुम्ही मिररलेस कॅमेरा घेऊन उभे आहात असे समजा. (आत चित्रीकरण करायचे तर आधी विचारा.) आत एकाच दगडातला, सुमारे साडेचार मीटर उंचीचा, तेलाने काळाभोर झालेला नंदी; बाहेर दुपारचे ऊन. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो काळ्या दगडाला करडा करू पाहतो. पांढऱ्या धोतरातले कोणी पुढून गेले की तोच नंदी एकदम गडद होतो. त्याच्यावरचा प्रकाश मात्र तसूभर बदललेला नसतो. फोटोत ही चूक एका चौकटीपुरती राहते. व्हिडिओत प्रेक्षक ती घडताना पाहतो.

फिल्मच्या काळात ही अडचण वेगळी होती. फिल्मची संवेदनशीलता ठरलेली, वेग सेकंदाला 24 चौकटी, आणि अर्धे कापलेल्या फिरत्या तबकडीच्या शटरमुळे प्रत्येक चौकट 1/48 सेकंद उघडी. हाताशी उरायचे ते ॲपर्चर, फिल्टर आणि प्रकाश.

याच बसवनगुडीला लागून असलेल्या शंकरपुरम भागात ज्यांचे अखेरचे दिवस गेले, त्या व्ही. के. मूर्तींचे काम इथे आठवा. बंगळुरूच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये शिकून ते मुंबईत गेले आणि गुरुदत्तचे छायालेखक झाले. ‘कागज़ के फूल’मध्ये (1959) अंधाऱ्या स्टुडिओत उतरणारा तो प्रसिद्ध झोत म्हणजे मोठ्या आरशांनी आत वळवलेले बाहेरचे ऊन. सावली काळीच ठेवायची हे आधी ठरले, म्हणून झोत झोतासारखा दिसला. प्रकाशाची सरासरी काढणाऱ्या यंत्राने ती सावली उजळून टाकली असती. फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले छायालेखक.

आता थेट 2008. कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टूने फुल फ्रेम व्हिडिओ स्वस्त केला, पण त्यात एक्स्पोजर कॅमेराच ठरवायचा! मग लोकांनी ॲपर्चरची रिंग असलेल्या जुन्या निकॉन लेन्स अडॅप्टरने बसवल्या आणि एक्स्पोजर लॉक करून काम भागवले. जून 2009च्या फर्मवेअरने अखेर मॅन्युअल नियंत्रण दिले. त्याच वर्षीच्या पॅनासॉनिक जीएच1 या मिररलेसमध्ये ही सोय होतीच. शिवाय मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एक्स्पोजरचा परिणाम चित्रीकरणाआधीच दिसतो. मूर्तींच्या पिढीला तो फिल्म धुऊन आल्यावर कळे.

परत दारात या. सेकंदाला 25 चौकटी, शटर 1/50; आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने या शटरला आतले दिवेही सहसा लुकलुकत नाहीत. हे दोन आकडे आता हलवायचे नाहीत. ऑटो आयएसओ आठवणीने बंद करा. मोड ‘एम’वर आणि आयएसओ ऑटोवर, ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. बाहेर कडक उन्हात आयएसओ 100 ठेवला तरी ॲपर्चर एफ/22च्या आसपास जाते. एफ/2.8 हवे असेल तर सहा स्टॉप कमी करावे लागतात, म्हणजे एनडी64 फिल्टर. आत हाच फिल्टर काढावा लागतो, म्हणून ऊन आणि गाभारा एका शॉटमध्ये घेण्याचा हट्ट धरू नका. नंदीवर एक्स्पोजर धरलेत तर मागचे दार पांढरे फटक होईल. होऊ द्या.